बजेट अडवणाऱ्या आमदारांचा पगार कापला तर? पेन्सिल्व्हेनियातल्या वाचकाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पेन्सिल्व्हेनिया राज्याचं २०२५-२६ चं बजेट ३० जूनच्या आत व्हायला हवं होतं, ते झालं १२ नोव्हेंबरला. मधल्या काळात शाळा आणि काउंट्या (जिल्ह्यांसारखी स्थानिक सरकारं) कर्ज काढून चालल्या, आमदारांचा पगार मात्र चालू राहिला. कॅलिफोर्नियात बजेट चुकलं की आमदारांचा पगार बुडतो असं ऐकलं आहे. तो कायदा इथे आणता येईल का? आणि नाही आला, तर या मंडळींना जाब विचारायचा कसा?

कायदा आणता येतो, पण पेन्सिल्व्हेनियात त्याचा रस्ता त्याच आमदारांच्या दारातून जातो. शिवाय पगार कापल्याने तारीख पाळली जाते. बजेट पुरं होतंच असं नाही. तीन राज्यांनी हा प्रयोग तीन तऱ्हांनी केला आहे आणि तिन्ही ठिकाणी पळवाट कुठे निघाली ते लेखी नोंदलेलं आहे. ते पाहिल्याशिवाय मागणी करू नका, नाहीतर मिळेल तेही पोकळच मिळेल.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हा प्रकारच चमत्कारिक वाटतो, कारण तिकडे शिक्षा व्यवस्थेतच बसवलेली आहे. मुंबईत विधानसभेने विनियोजन विधेयक, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणारं विधेयक, फेटाळलं तर सरकारने विश्वास गमावला असं मानलं जातं आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागतं. निवडणूक तोंडावर असेल तर राज्यघटनेच्या कलम २०६ खाली लेखानुदान घेऊन काही महिने चालवतात. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा अंतरिम अर्थसंकल्प २७ फेब्रुवारीला मांडला गेला आणि उरलेल्या वर्षाचा २८ जूनला. अमेरिकेच्या राज्यांत गव्हर्नर वेगळा निवडून येतो, दोन्ही सभागृहं वेगळी, सगळ्यांच्या मुदती ठरलेल्या. बजेट अडलं म्हणून कोणाची खुर्ची जात नाही आणि सभागृह बरखास्तही होत नाही. म्हणून शिक्षा बाहेरून चिकटवावी लागते, आणि ती नीट चिकटत नाही.

कॅलिफोर्नियापासून सुरुवात करू. तिथल्या घटनेनुसार गव्हर्नर १० जानेवारीपर्यंत बजेट मांडतो, विधिमंडळाने ते १५ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत मंजूर करायचं आणि १ जुलैला नवं वर्ष सुरू होतं. ही तारीख वर्षानुवर्षं कागदावरच होती. २००९ च्या जुलैत राज्याच्या कंट्रोलरला, म्हणजे राज्याची देणी चुकती करणाऱ्या अधिकाऱ्याला, घेणेकऱ्यांना रोख पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या द्याव्या लागल्या, आणि २०१० चं बजेट तर ८ ऑक्टोबरला सही होऊन बाहेर पडलं. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी प्रपोझिशन २५ हा मतपत्रिकेवरचा प्रस्ताव मंजूर केला. बातम्यांत त्यातला पगाराचा भाग गाजला: १५ जून चुकली तर बजेट गव्हर्नरकडे पोचेपर्यंतचा पगार, प्रवासभत्ता आणि राहण्याचा भत्ता बंद, आणि तो नंतरही मिळायचा नाही. पण त्या प्रस्तावाचा खरा गाभा वेगळा होता. बजेटसाठी १९३३ पासून लागणारं दोन तृतीयांश बहुमत त्याने साध्या बहुमतावर आणलं. करवाढीला दोन तृतीयांशाची अट तशीच राहिली.

पहिल्याच वर्षी परीक्षा झाली. २०११ च्या १५ जूनला विधिमंडळाने बजेट मंजूर केलं, दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी ते अख्खंच्या अख्खं नकाराधिकाराने परत पाठवलं. कंट्रोलर जॉन चियांग यांनी आकडे तपासून जाहीर केलं की यात १८५ कोटी डॉलरची तूट आहे. घटनेला संतुलित बजेट हवं, तेव्हा हे बजेट धरता येत नाही आणि पगारही नाही. नवं बजेट २८ जूनला झालं, तोवर आमदारांचे बारा दिवसांचे पैसे गेले, दिवसाला भत्त्यासह सुमारे ४०० डॉलर. सभागृहांचे नेते न्यायालयात गेले आणि जिंकले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला: बजेट विधेयकात विधिमंडळाने स्वतः दिलेला उत्पन्नाचा अंदाज खर्चाला पुरत असेल, तर तो अंदाज खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार कंट्रोलरला नाही.

या निकालाचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. तारीख पाळली की नाही हे आता विधिमंडळ स्वतःच ठरवतं. तेव्हापासून कॅलिफोर्नियाचं बजेट दर वर्षी १५ जूनच्या आत ‘मंजूर’ होतं आणि बऱ्याचदा ते वेळ मारून नेण्यापुरतं असतं. खरी तडजोड जूनच्या शेवटी होते आणि दुरुस्ती विधेयकांतून येते. राजधानी सॅक्रामेंटोत अशा विधेयकाला ‘बजेट बिल ज्युनियर’ म्हणतात. २०२५ मध्ये विधिमंडळाने १३ जूनला मत दिलं, गव्हर्नरशी तडजोड होऊन सही झाली २७ जूनला. दुसरी गंमत अशी की ‘बजेटशी संबंधित’ विधेयकालाही साधं बहुमत पुरतं, म्हणून भलत्याच विषयाच्या विधेयकात हजार डॉलरची तरतूद घालून ते त्या रांगेत बसवतात. तरीही १ जुलैपूर्वी काम उरकतं हे खरं. माझ्या मते त्याचं श्रेय साध्या बहुमताला जास्त आहे, पगाराच्या धाकाला कमी. अल्पमतातल्या पक्षाला अडवायला काही उरलंच नाही. आणि नेमका हा भाग पेन्सिल्व्हेनियाला लागू पडत नाही, कारण तुमच्याकडे बजेटला आधीपासूनच साधं बहुमत पुरतं.

न्यूयॉर्कने सौम्य तऱ्हा धरली. १९९८ च्या कायद्याने आमदारांची पगारवाढ केली आणि बदल्यात अट घातली की १ एप्रिलला बजेट नसेल तर पगाराचे धनादेश रोखून धरायचे. रोखायचे म्हणजे बुडवायचे नाहीत. बजेट झालं की थकबाकी एकरकमी हातात. १९९९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने कायदा वैध ठरवला. परिणाम? २००४ मध्ये बजेट ऑगस्टपर्यंत लांबलं, २०१० मध्येही ऑगस्टच, २०२५ मध्ये ८ मे. ज्याची वकिली किंवा दुसरा धंदा चालू आहे त्याला चार महिन्यांचा उशीर जाणवत नाही, आणि ज्याचं घर याच पगारावर चालतं तो नवखा आमदार आधी वाकतो. २०१० मध्ये गाडी हलली ती वेगळ्या कारणाने. गव्हर्नर डेव्हिड पॅटर्सन आठवड्या-आठवड्याची तात्पुरती खर्चविधेयकं पाठवत आणि त्यांतच कपाती घालत. विधिमंडळापुढे दोनच पर्याय उरत: कपात गिळा किंवा राज्याचं कामकाज बंद पाडा.

इलिनॉयमध्ये मात्र सगळाच विचका झाला, आणि शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे. २०१३ मध्ये गव्हर्नर पॅट क्विन यांनी निवृत्तिवेतन सुधारणेवरून आमदारांच्या पगाराची तरतूदच कापली. न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण चालू मुदतीत आमदाराचा पगार बदलायला तिथली घटना मनाई करते. मग विधिमंडळाने काय करावं? २०१४ मध्ये कायदा करून स्वतःचा पगार ‘कायम तरतुदी’त टाकला, म्हणजे बजेट नसलं तरी तो निघायचाच. पुढच्याच वर्षी गव्हर्नर ब्रूस राउनर आणि स्पीकर मायकेल मॅडिगन यांचं भांडण जुंपलं आणि १ जुलै २०१५ पासून ६ जुलै २०१७ पर्यंत राज्य पूर्ण बजेटशिवाय चाललं. कंट्रोलर लेस्ली मंगर यांनी एप्रिल २०१६ मध्ये युक्ती काढली: पगार नाकारायचा नाही, इतर थकलेल्या बिलांसारखा रांगेत शेवटी लावायचा. आमदार काही महिन्यांनी न्यायालयात गेले आणि मार्च २०१७ मध्ये तेच जिंकले. पेच सुटेपर्यंत थकलेली बिलं सुमारे १,५०० कोटी डॉलरवर पोचली. उशिरा दिलेल्या बऱ्याच बिलांवर राज्याच्याच कायद्याने महिन्याला एक टक्का व्याज चढतं. व्याजाचा आकडा १०० कोटी डॉलरच्या वर गेला. ल्यूथरन सोशल सर्व्हिसेस ऑफ इलिनॉय या सेवाभावी संस्थेने जानेवारी २०१६ मध्ये ७५० च्या आसपास नोकऱ्या कमी केल्या.

हे दोन वर्षं चालू कसं शकलं, हा प्रश्न पगारापेक्षा महत्त्वाचा आहे. २०१५ मध्ये राउनर यांनी बाकीची खर्चविधेयकं नाकारली, पण शाळांचं तेवढं मंजूर केलं. मग न्यायालयांनी कर्मचाऱ्यांचे पगार द्यायला लावले, जुन्या खटल्यांतल्या हमीपत्रांमुळे बऱ्याच सेवांचे पैसे चालू राहिले. म्हणजे ज्यांच्या ओरडण्याने आमदार जागे होतात ते पालक आणि संघटित कर्मचारी वाचले. बेघरांचे निवारे, व्यसनमुक्ती केंद्रं, सरकारी विद्यापीठातले शिष्यवृत्तीवाले विद्यार्थी मात्र भरडले गेले.

उलट जिथे टाळं लागतं तिथे भांडण लवकर मिटतं. मिनेसोटात २०११ मध्ये १ जुलैला कामकाज बंद पडलं आणि २० जुलैला सुटलं. उद्यानं, लॉटरी, घोड्यांच्या शर्यती, सगळं बंद. मिलरकूर्स कंपनीच्या परवान्याचं नूतनीकरण अडकल्याने त्यांच्या ३९ प्रकारच्या बियर दुकानांतून उचलायचा आदेश निघाला, आणि दोन-चार दिवसांत तोडगाही निघाला! (बियरमुळेच निघाला असं म्हणायला पुरावा नाही, पण राजधानी सेंट पॉलमध्ये तसं म्हणणारे पुष्कळ भेटतील.) न्यू जर्सीत २०१७ चा बंद तीन दिवस टिकला. पेन्सिल्व्हेनियात मात्र २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की केंद्राच्या मजुरी कायद्यामुळे बजेट नसतानाही कर्मचाऱ्यांचे पगार द्यावेच लागतील. त्यामुळे तुमच्याकडे लायसन्सचं कार्यालय चालू, पोलीस चालू, उद्यानं चालू. २०१५-१६ चं बजेट सुमारे नऊ महिने आणि २०२५ चं साडेचार महिने लटकलं ते यामुळे. दुखणं आहे, पण ते काउंटीच्या आणि शाळेच्या वहीत लपलेलं आहे.

आता कायद्याचा रस्ता. पेन्सिल्व्हेनियात मतदारांना सह्या गोळा करून प्रस्ताव मतपत्रिकेवर आणता येत नाही, आमदाराला मुदतीच्या मध्ये परत बोलावण्याची सोयही नाही. कॅलिफोर्नियात दोन्ही आहे, म्हणून तिथलं तिथे जमलं. साधा कायदा केला तर घटनेच्या तिसऱ्या प्रकरणातलं २७ वं कलम आडवं येतं: निवडून आल्यावर लोकाधिकाऱ्याचा पगार कायद्याने वाढवायचा नाही आणि घटवायचाही नाही. या कलमाचा आधार घेऊन कोणीतरी न्यायालयात जाणार हे गृहीत धरा. म्हणून मागणी घटनादुरुस्तीचीच हवी. ती लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी, म्हणजे मध्ये एक निवडणूक होऊन, दोन्ही सभागृहांत मंजूर करायची आणि मग जनमताला जायची. असे ठराव मांडले जातात आणि समितीत पडून राहतात. ठराव मांडणाऱ्या आमदाराला टाळ्या मिळतात, काम तिथेच संपतं. तुमच्या आमदाराने असा ठराव मांडल्याची जाहिरात केली, तर पहिला प्रश्न विचारा: समितीच्या अध्यक्षाकडे सुनावणीची लेखी मागणी केली का, कोणत्या तारखेला?

मसुद्यात काय असावं हे वरच्या तीन राज्यांनी फुकटात शिकवलं आहे. पगार ‘रोखला जाईल’ नव्हे, ‘कायमचा बुडेल’ असे शब्द हवेत. पगाराबरोबर दैनिक भत्ता आणि प्रवासखर्चही हवा. नुसता पगार लिहिला तर तेवढाच जाईल. तारीख चुकली हे कोण जाहीर करणार त्या अधिकाऱ्याचं पद नाव घेऊन लिहिलेलं हवं, आणि बजेट अपुरं आहे असं ठरवण्याचा त्याला अधिकार आहे की नाही हेही. हे मोघम ठेवलं तर कॅलिफोर्नियाच्या २०११ चीच पुनरावृत्ती होईल. आणखी एक गोष्ट बहुतेक मसुद्यांत सुटते: ‘बजेट मंजूर’ म्हणजे नक्की काय?

पेन्सिल्व्हेनियात हा प्रश्न फार खरा आहे. मुख्य विनियोजन विधेयकाबरोबर काही ‘कोड बिलं’ लागतात, फिस्कल कोड, शालेय कोड वगैरे. पैसा मंजूर होतो मुख्य विधेयकाने, पण बऱ्याच रकमा कोणाला कशा वाटायच्या ते लिहिलेलं असतं कोड बिलात. २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी मुख्य विधेयक जुलैच्या सुरुवातीलाच मंजूर केलं होतं. पण विधेयक गव्हर्नरकडे जाण्याआधी सभागृहाच्या अध्यक्षस्थानावरून सही लागते, आणि सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, ती सही ३ ऑगस्टपर्यंत केली नाही. कोड बिलं पुरी व्हायला डिसेंबर उजाडला. पगाराची अट फक्त ‘विनियोजन विधेयक मंजूर’ या शब्दांवर बांधली असती, तर त्या वर्षी कोणाचाही फारसा पैसा गेला नसता. म्हणून व्याख्या अशी हवी: मुख्य विधेयक आणि ते राबवायला लागणारी सगळी कोड बिलं दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन गव्हर्नरकडे पोचली की बजेट मंजूर.

मग गव्हर्नरचं काय? हा आक्षेप येणारच आणि तो रास्त आहे. आमदारांचा पगार धोक्यात आणि गव्हर्नरचा सुरक्षित असेल, तर वाटाघाटीत गव्हर्नरचं पारडं आपोआप जड होतं. तेव्हा मसुद्यात गव्हर्नरलाही ओढा, किंवा कॅलिफोर्नियासारखं विधेयक त्याच्याकडे पोचलं की आमदारांवरची शिक्षा संपेल असं लिहा.

त्याहून अवघड अडचण सामूहिक शिक्षेची. २०२५ मध्ये हाऊस (खालचं सभागृह) डेमोक्रॅटांकडे होतं, १०२ विरुद्ध १०१. सिनेट रिपब्लिकनांकडे, २७ विरुद्ध २३. गव्हर्नर जॉश शपिरो डेमोक्रॅट. हाऊसने जुलैत आपलं बजेट मंजूर करून पाठवलं. सिनेटने ऑगस्टमध्ये जुन्या खर्चाच्या पातळीवरचं स्वतःचं पाठवलं. मतभेद एकूण खर्चावर, सार्वजनिक वाहतुकीच्या पैशांवर आणि कार्बन उत्सर्जनावर शुल्क लावणाऱ्या ‘आरजीजीआय’ या राज्यगटात राहायचं की नाही यावर होते. शेवटी ५,०१० कोटी डॉलरचं बजेट झालं आणि त्या गटातून बाहेर पडायचंही ठरलं. आता सांगा, पगार कोणाचा कापायचा? दोन्ही सभागृहं म्हणणार की आम्ही आमचं काम वेळेत केलं, समोरच्याने अडवलं. सगळ्या २५३ जणांचा कापला तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. शिवाय ज्या पक्षाला मुळात खर्च कमीच हवा आहे त्याला उशीर परवडतो, दुसऱ्याला परवडत नाही. पगाराची कात्री दोघांवर सारखी चालली तरी ती एकालाच जास्त लागते.

आणि एक गोष्ट पगाराच्या गदारोळात कोणी पाहतच नाही. पेन्सिल्व्हेनियाचं विधिमंडळ स्वतःच्या खात्यात कोट्यवधी डॉलरची शिल्लक राखून असतं, कारण सांगितलं जातं की गव्हर्नरने अडवणूक केली तर कामकाज चालायला हवं. शाळेला बजेटशिवाय कर्ज काढावं लागतं आणि सभागृहाला लागत नाही, तो फरक या शिल्लकीमुळे. तिचं दर वर्षी लेखापरीक्षण होतं आणि अहवाल सार्वजनिक असतो. ‘शिल्लक दोन महिन्यांच्या खर्चापेक्षा जास्त नको’ ही मागणी घटनादुरुस्तीशिवाय, साध्या कायद्याने पुरी होऊ शकते. मला विचाराल तर पगाराच्या ठरावाआधी हीच पुढे करा.

पण हे सगळं लांबचं. पुढच्या ३० जूनला काय करायचं?

आधी अडलं कुठे ते दिवसावार लिहून काढा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचा इतिहास असतो: कोणत्या दिवशी कोणत्या समितीकडे गेलं, कधी मत झालं, कोणी कसं दिलं. एका कागदावर तीन रकाने करा, हाऊस, सिनेट, गव्हर्नर. फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारच्या सुमाराचं गव्हर्नरचं बजेट भाषण, समित्यांच्या सुनावण्या, प्रत्येक मतदान आणि प्रत्येक सही, सगळं तारखेसह त्यात भरा. त्याशेजारी सभागृह किती दिवस प्रत्यक्ष बसलं तेही लिहा; उशिराच्या महिन्यांत ‘अध्यक्षांच्या बोलावण्यापर्यंत स्थगित’ अशा नोंदी भरपूर सापडतात. हा कागद हातात असला की ‘आम्ही वाटाघाटी करत होतो’ हे उत्तर टिकत नाही. आणि आमदाराला प्रश्न ‘बजेट का झालं नाही’ असा विचारू नका, त्यावर समोरच्या पक्षाचं नाव येतं आणि संभाषण संपतं. असं विचारा: अमुक तारखेला समोरच्या सभागृहाचं विधेयक तुमच्या समितीत आलं, ते मतदानाला घ्या अशी मागणी तुम्ही तुमच्या नेत्याकडे लेखी केली का?

मग स्थानिक खर्च काढा. सगळ्यात जास्त परिणाम याचा होतो आणि सगळ्यात कमी लोक हे करतात. शाळा मंडळाच्या आणि काउंटीच्या सभा खुल्या असतात आणि तिथल्या रहिवाशाला किंवा करदात्याला बोलायची संधी द्यावी लागते. तिथे विचारा: राज्याचा हप्ता किती अडला, त्यासाठी किती कर्ज काढलं, दर काय, किती दिवसांसाठी, वकील आणि बँकेचं शुल्क किती, कोणत्या जागा भरायच्या थांबवल्या. उदाहरणादाखल, शाळेने ५० लाख डॉलर ५ टक्क्यांनी १२० दिवस घेतले तर नुसतं व्याज सुमारे ८२,००० डॉलर होतं. एका शिक्षकाच्या वर्षाच्या पगाराच्या आसपासची ही रक्कम. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी उत्तराला पुढे कोणी विचारत नाही. राज्याचे हजारो कोटी कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, गावच्या शाळेचे ८२,००० राहतात. स्थानिक वर्तमानपत्रही हा आकडा छापतं, कारण तो त्यांना आयता मिळतो.

तिसरं, माहितीचा अर्ज. पेन्सिल्व्हेनियाचा ‘राइट टू नो’ कायदा २००८ चा आहे. आपल्याकडच्या माहिती अधिकारात ३० दिवस असतात. इथे उत्तराला कामाचे पाच दिवस, आणि कारण देऊन आणखी ३० दिवस. पण विधिमंडळाला तो मर्यादित लागू आहे. आर्थिक नोंदी, मतदानाच्या नोंदी असं ठरावीक मिळतं. नेत्यांचा वाटाघाटींचा ईमेल मागितलात तर नकारच येईल. म्हणून नेमकं मागा: अमुक आमदाराने १ जुलै ते १२ नोव्हेंबर या काळात घेतलेला दैनिक भत्ता, तारीखवार, कारणासह, आणि प्रवासखर्चाची देयकं. अर्ज त्या-त्या सभागृहाने नेमलेल्या माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. नकार आला तर अपीलही त्याच सभागृहाच्या अपील अधिकाऱ्याकडे, राज्याच्या स्वतंत्र माहिती कार्यालयाकडे नाही. तिथे पाठवून मुदत घालवणारे बरेच असतात. मुदत कामाच्या १५ दिवसांची. हाती आलेल्या तारखा पहिल्या कागदाशी जुळवा. सभागृह बसलंच नाही त्या दिवसाचा भत्ता घेतलेला दिसला, तर तो नियमात बसत असेलही, कारण समितीचं काम दाखवता येतं. पण कोणत्या समितीचं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि शेवटी मत, पण नोव्हेंबरचं नव्हे. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाच्या खात्यात पक्के असतात, तिथे सार्वत्रिक निवडणुकीत आमदार हलत नाही. हलतो तो प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत. याचा दाखला याच राज्यातला आहे. ७ जुलै २००५ ला पहाटे दोनच्या सुमारास विधिमंडळाने स्वतःला १६ ते ५४ टक्क्यांपर्यंत पगारवाढ दिली. घटना चालू मुदतीत वाढ घेऊ देत नाही म्हणून ती ‘बिनपावतीचा खर्च’ या नावाने लगेच उचलायची सोय केली. लोक इतके भडकले की नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश मुदतवाढीच्या मतदानात पडले, वाढ मागे घ्यावी लागली आणि मे २००६ च्या प्रायमरीत १७ विद्यमान आमदार घरी गेले. सिनेटचे दोन सर्वांत वरचे नेते, रॉबर्ट ज्युबेलिरर आणि डेव्हिड ब्राइटबिल, त्यांत होते. कोणत्याही पगारकपातीच्या कलमाने राजधानी हॅरिसबर्गला एवढं हादरवलेलं नाही.

त्यासाठी लागणारी तयारी किरकोळ वाटते आणि लोक तिथेच चुकतात. प्रायमरी बंद आहे, म्हणजे पक्षाचा नोंदलेला मतदारच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. ‘अपक्ष’ म्हणून नोंद असेल तर तुम्ही उमेदवार निवडायच्या बाहेर. नोंद किंवा बदल मतदानाच्या १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. प्रायमरी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी असते, राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी. हाऊसच्या उमेदवाराला पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांच्या ३०० सह्या लागतात, सिनेटच्या उमेदवाराला ५००, आणि त्या प्रायमरीच्या कित्येक आठवडे आधी, तीन आठवड्यांच्या खिडकीत गोळा करायच्या असतात. ३०० लागत असतील तर दुप्पट घ्या, कारण पत्ता चुकला, पक्ष चुकला म्हणून सह्या आक्षेपात उडतात. म्हणजे जूनच्या बजेटचा राग पुढच्या फेब्रुवारीत सह्यांच्या कागदावर उतरला नाही, तर मे महिन्यात मतपत्रिकेवर एकच नाव असतं. हाऊसच्या सगळ्या २०३ जागा दर सम वर्षी येतात, सिनेटच्या निम्म्या.

मराठी मंडळींपैकी बरेच जण ग्रीन कार्डावर किंवा एच-१बी वर आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. नागरिक नसाल तर मतदार नोंदणीच्या फॉर्मवर सही करू नका, लायसन्सच्या कार्यालयात कोणी सहज पुढे केला तरी. तो गुन्हा आहे आणि पुढे नागरिकत्वापासून हद्दपारीपर्यंत सगळ्यावर येतो. एच-१बी वाल्यांनी राज्याच्या निवडणुकीलाही देणगी देऊ नये, केंद्राच्या कायद्याने ती मना आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देता येते. पण राइट टू नो चा अर्ज अमेरिकेतल्या कोणत्याही कायदेशीर रहिवाशाला करता येतो, शाळा मंडळापुढे त्या हद्दीतल्या रहिवाशाला बोलता येतं, आमदाराच्या कार्यालयात जाता येतं. वर सांगितलेल्या चारांपैकी पहिली तीन कामं नागरिकत्वाशिवाय पुरी होतात, आणि तारखांचा कागद व शाळेच्या व्याजाचा आकडा तयार असला तर चौथं काम करणारा नागरिक शेजारी शोधायला वेळ लागत नाही.